पंचांचा फिरलेला हात आणि कॉमेंट्रीवाल्यांची बाजू : रग्बी लीगवाल्यांनो, इकडे या

हिरवा_कॅनबेरा :
मंडळी, परवा मुलाने एनआरएलच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीग स्पर्धेच्या, २०१९ च्या फायनलचं रेकॉर्डिंग लावलं आणि घरातली जेवणं बाजूलाच राहिली. इतकी वर्षं झाली, तरी तो एक क्षण जवळ आला की पोटात गोळा येतो. मनात आहे ते एकदा सगळं लिहून काढतो.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. रग्बी लीगमध्ये दोन्हीकडे तेरा-तेरा जण. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना सहा टॅकल मिळतात. सहाव्यांदा पकडले गेलात की चेंडू समोरच्यांना देऊन टाकायचा. म्हणून पाच टॅकल झाले की बहुतेक संघ किक मारतात. मात्र त्या किकला बचाव करणाऱ्याचा हात लागला आणि चेंडू परत तुमच्याकडे आला, तर मोजणी पुन्हा एकपासून. पंच तेव्हा डोक्यावर हात फिरवून खूण करतो, 'सिक्स अगेन'.

६ ऑक्टोबर २०१९, सिडनी. आमचे कॅनबेरा रेडर्स १९९४ नंतर पहिल्यांदाच फायनलला. समोर सिडनी रूस्टर्स. ८-८ बरोबरी, शेवटची नऊ-दहा मिनिटं, आणि आम्ही त्यांच्या गोलरेषेवर. उंच किक, हवेत झोंबाझोंबी, चेंडू परत आमच्या हातात. पंच बेन कमिन्स यांनी हात फिरवला. आता सहा टॅकल आहेत, घाई कशाला, म्हणून जॅक वायटनने चेंडू घेऊन अंगावर टॅकल घेतला. आणि मग कळलं की हा शेवटचाच होता. मधल्या क्षणात सहकारी पंचांनी कमिन्सना कळवलं होतं की हात रेडर्सचाच लागला. ते 'लास्ट' असं ओरडत होते म्हणे, पण स्टेडियममध्ये ८२ हजारांवर माणसं. चेंडू रूस्टर्सकडे गेला, थोड्याच वेळात जेम्स टेडेस्कोचा ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) झाला आणि १४-८ ने आमचं सगळं संपलं.

लीगचं म्हणणं असं की शेवटी दिलेला निर्णय बरोबर होता. मान्य. हात आमच्याच माणसाचा होता. पण खेळाडूने पंचांच्या हाताकडे बघून पुढचं पाऊल टाकलं, त्याचं काय? त्याला 'शेवटचा' हेच दिसलं असतं तर त्याने किक मारली असती, निदान पासची धडपड केली असती. बरोबर निर्णयाने अन्याय झाला, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, कॉमेंट्री. या खेळात पंचांइतकाच निकाल कॉमेंट्री करणारे देतात. पंचांचा निकाल गुणफलकावर लागतो आणि यांचा आपल्या डोक्यात. तुमचं काय म्हणणं?

बोंडायचा_कोंबडा :
मी रूस्टर्सवाला. दर वर्षी ऑक्टोबर आला की ऑफिसमध्ये हेच ऐकतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

त्या फायनलमध्ये आमचा कूपर क्रॉन्क सिन बिनमध्ये, म्हणजे शिक्षा म्हणून मैदानाबाहेर, गेला होता. दहा मिनिटं आम्ही बारा जण होतो. त्या दहा मिनिटांत तुम्हाला एक ट्राय काढता आला नाही. क्रॉन्कचा तो कारकिर्दीतला शेवटचा सामना होता, तरी आमच्यापैकी कोणी त्यावर धागे काढले नाहीत. आणि तुम्ही सुरुवातीच्या त्या प्रसंगाबद्दल अजून लिहिलं नाहीत, पण येणारच आहात हे मला माहीत आहे : आमची किक तुमच्या माणसाने अडवली, चेंडू आमच्याच ट्रेनरला लागला आणि स्क्रम, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करताना चेंडू, आम्हाला मिळाला. नियमपुस्तकात तेव्हा तेच लिहिलेलं होतं. नियम वाईट असेल तर नियमाशी भांडा, पंचांशी नको.

आणि वायटनला त्याच सामन्यात फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक मिळालं. हरलेल्या संघातला खेळाडू असूनही. तुमच्या विरुद्ध सगळं जग असतं तर ते मिळालं असतं का?

हिरवा_कॅनबेरा :
ट्रेनरचं लिहिणारच होतो, ते तुम्हीच लिहिलंत. तुमचा माणूस मैदानात उभा, चेंडू त्याला लागतो आणि फायदा तुम्हाला. नियमाप्रमाणे, हो. पण एका संध्याकाळी दोनदा 'नियमाप्रमाणे' ऐकल्यावर माणूस शांत कसा राहील?

टाउन्सव्हिलकर :
रेडर्सवाल्यांना सहानुभूती आहे, पण रांगेत आमचा नंबर आधी लागतो. काउबॉइज. २०१३, एलिमिनेशन फायनल, समोर शार्क्स. ब्यू रायनचा ट्राय चक्क सातव्या टॅकलला झाला. पंच मोजायला चुकले! मैदानावर दोन-दोन रेफरी आणि बाहेर व्हिडिओ रेफरी, तरी एकाच्याही ध्यानात आलं नाही. आम्ही २०-१८ ने हरलो, हंगाम संपला. त्याच्या आदल्या वर्षी मॅनलीविरुद्ध किअरन फोरनचा हात लागून चेंडू पुढे गेला तरी ट्राय दिला होता. दोन वर्षं लागोपाठ, दोन्ही वेळा बाद फेरीत, दोन्ही वेळा सिडनीच्या संघाविरुद्ध.

इथे उत्तर क्वीन्सलँडमध्ये लोक सरळ म्हणतात की सिडनीवाल्यांना सिडनीचीच फायनल हवी असते. मी इतक्या टोकाला जात नाही. पण सिडनीत बसलेली कॉमेंट्री टीम आमच्या खेळाडूंची नावंसुद्धा नीट घेत नसे, हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

लायकार्टची_माऊ :
टाउन्सव्हिलकर, तुम्ही बोलू नका! २४ जुलै २०२२ विसरलात?

बाकीच्यांना सांगते. वेस्ट टायगर्स २६-२५ ने पुढे. घड्याळात एक सेकंद. काउबॉइजने छोटा किक-ऑफ मारला, चेंडू आमच्याकडे आला, सामना संपला. आम्ही घरात उड्या मारत होतो. तेवढ्यात काउबॉइजने कॅप्टन्स चॅलेंज घेतलं, म्हणजे पंचांचा निर्णय तपासायला लावला. चेंडूमागे धावणाऱ्या काइल फेल्टला आमच्या खेळाडूने अडवलं, असा दावा. बंकरने (व्हिडिओ रेफरींनी) पेनल्टी दिली, व्हॅलेंटाइन होम्सने गोल मारला आणि २७-२६. नंतर लीगच्या फुटबॉल प्रमुखांनीच जाहीर सांगितलं की ती पेनल्टी द्यायला नको होती. गुण मात्र परत मिळाले नाहीत. क्लबने कायदेशीर मार्ग चाचपून पाहिला, त्यातूनही काही निघालं नाही. त्या वर्षी आम्ही तळाला राहिलो, टायगर्सच्या इतिहासात पहिल्यांदाच.

चूक झाल्याची कबुली सोमवारी देतात. आम्ही ती घेऊन काय करायचं?

टाउन्सव्हिलकर :
ताई, ते खरं आहे. त्या रात्री मी जल्लोष केला होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टायगर्सवाल्या आजोबांना तोंड दाखवायला लाज वाटली. तेव्हाची कॉमेंट्री मला छान वाटली होती, हेही कबूल करतो.

शिट्टीवाली_ताई :
धागा सुरू झाल्यापासून वाचते आहे. मी पश्चिम सिडनीत शनिवारी सकाळी मुलांच्या सामन्यांना रेफरी असते. मुलगी खेळायला लागली, क्लबला रेफरी मिळेनात, म्हणून मी कोर्स केला. तेव्हा माझं वय चव्वेचाळीस. चार हंगाम झाले. मैदानाच्या आतून काय दिसतं ते सांगते.

एक टॅकल झाला की मला एकाच वेळी इतकं बघायचं असतं : चेंडू निसटला की हिसकावला, पडलेल्याला दाबून धरलंय का, तो उठून चेंडू पायाने मागे नीट ढकलतोय का, समोरचे दोन बचावपटू, म्हणजे मार्कर, सरळ उभे आहेत का, आणि बाकीची बचावाची रांग दहा मीटर मागे गेली आहे का. त्या रांगेबरोबर मलाही उलट्या पावली मागे जायचं असतं. शिवाय टॅकल मोजायचे. हे सगळं तीन-चार सेकंदांत, आणि लगेच पुढचा टॅकल. सातवा टॅकल कसा सुटतो असं लोक विचारतात. मला विचाराल तर मला तो रोज सुटेल की काय अशी भीती वाटते. मी बोटं दुमडून मोजते. एनआरएलच्या पंचांना मोजणीत बाहेरून मदत असते, म्हणून २०१३ ची चूक जास्त गंभीर, हे मान्य.

कमिन्स यांच्याबद्दल. चुकीचा इशारा दिल्यावर दुरुस्त करायचा की रेटायचा, हा निर्णय त्यांना एका श्वासात घ्यायचा होता. रेटला असता तर रूस्टर्सवर अन्याय. बदलला तर रेडर्सवर. मी त्या जागी असते तर खेळ थांबवला असता, शिट्टी मारून. पण हे मी सोफ्यावर बसून म्हणते आहे.

फॉरवर्ड पासबद्दलही, म्हणजे नियमात न बसणाऱ्या पुढे फेकलेल्या पासबद्दलही, बोला हवं तर. त्यावरून मुलांचे बाप माझ्यावर सगळ्यात जास्त ओरडतात.

पॅरामॅटाचा_पक्या :
ताई, मीच ओरडणाऱ्यांतला! ईल्सवाला आहे, १९८६ नंतर आम्ही एकदाही जिंकलेलो नाही, ओरडण्यापलीकडे हातात काय आहे? पण खरंच विचारतो, उघड उघड पुढे गेलेला पास बंकर का बघत नाही? बंकर २०१६ पासून आहे, इतके कॅमेरे आहेत.

शिट्टीवाली_ताई :
पक्या, कारण नियम चेंडू हातातून कुठल्या दिशेला सुटला हे बघतो, जमिनीवर कुठे पोहोचला हे नाही. तुम्ही विरारच्या लोकलच्या दारात उभे आहात, गाडी वेगात आहे, आणि तुम्ही चेंडू मागच्या डब्याच्या दिशेने हलकेच फेकला. फलाटावरच्या माणसाला तो पुढेच जाताना दिसेल. धावणाऱ्या खेळाडूचं तेच होतं. हात मागे, चेंडू पुढे. टीव्हीवर मैदानाच्या रेषा दिसतात, कॅमेरा तिरका असतो, आणि समालोचक 'दोन मीटर पुढे!' म्हणून ओरडतो. बंकरला फॉरवर्ड पासवर निर्णय देण्याची मुभाच नाही, ती याच कारणाने. हे दहा वेळा हवेत सांगायला पाहिजे. ज्यांनी स्वतः हा खेळ वीस वर्षं खेळलाय ते तरी सांगू शकतात. सांगत नाहीत, याचा मला राग आहे.

पॅरामॅटाचा_पक्या :
लोकलचं पटलं. आयुष्यात पहिल्यांदा पटलं.

बोंडायचा_कोंबडा :
कॉमेंट्रीवर येऊ. मला यात कट दिसत नाही, सवय दिसते. चॅनल नाइन काय किंवा फॉक्स लीग काय, माइकपुढे बसलेले बहुतेक जण माजी खेळाडू. ज्या क्लबात दहा वर्षं घाम गाळला, त्याचा ट्राय झाला की आवाज चढणारच. स्टेट ऑफ ओरिजिनला, म्हणजे दोन राज्यांच्या लढतीला, तर ते लपवतही नाहीत : हा न्यू साउथ वेल्सचा, तो क्वीन्सलँडचा, आणि दोघं हवेतच भांडतात. ते मला चालतं, कारण कोण कुठून बोलतोय ते मला माहीत असतं.

लायकार्टची_माऊ :
ते ओरिजिनपुरतं ठीक. पण फिल गूल्ड बुलडॉग्सचं फुटबॉलचं सगळं बघतात आणि नाइनवर कॉमेंट्रीही करतात. माणूस जाणकार आहे, खेळ त्यांच्याइतका उलगडून सांगणारे थोडे आहेत. तरीही एका क्लबचा जबाबदार अधिकारी बाकीच्या क्लबांच्या पेनल्ट्यांवर हवेत मत देतो, हे मला पटत नाही. ते प्रामाणिकपणे बोलले तरी ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहते, आणि ती शंका त्यांच्यावरही अन्यायच आहे.

समालोचक रे वॉरन यांचं तसं नव्हतं. नव्व्याण्णव ओरिजिन सामने केले त्यांनी. आवाज चढला की चेंडू कुठेतरी निसटलाय एवढं कळायचं. ते कोणाच्या बाजूचे, हे मला कधी कळलं नाही.

ऑकलंडची_वाट :
न्यूझीलंडहून लिहितो. २५ नोव्हेंबर २०१७ ला मी माउंट स्मार्ट स्टेडियममध्ये होतो. वर्ल्ड कपची सेमीफायनल, टोंगा विरुद्ध इंग्लंड. त्या आठवड्यात ऑकलंड लाल झालं होतं. गाड्यांवर झेंडे, दुकानांवर झेंडे, आमच्या गल्लीतली टोंगन कुटुंबं रात्री उशिरापर्यंत गात होती.

इंग्लंड २०-० ने पुढे. मग शेवटच्या काही मिनिटांत टोंगाने तीन ट्राय टाकले, २०-१८. शेवटच्या क्षणी अँड्र्यू फिफिता रेषेकडे झेपावला, मागून इंग्लंडच्या खेळाडूने हात घातला, चेंडू निसटला. फिफिताने तो उचलून रेषेपलीकडे टेकवला. पंच मॅट चेचिन यांनी नॉक-ऑन (हातून चेंडू पुढे पडणं) दिला, व्हिडिओकडे गेले नाहीत. सामना संपला. पुढचे कित्येक दिवस इथे रस्त्यावर निदर्शनं झाली.

मी तेव्हा घसा फोडून ओरडलो होतो. माझ्या जागेवरून तो शंभर टक्के ट्राय होता. घरी येऊन बघितलं तेव्हा चेंडू पुढे निसटल्यासारखा वाटला, आणि आणखी दोनदा बघितल्यावर काहीच सांगता येईना. व्हिडिओकडे जायला हवं होतं, हे मात्र मी आजही म्हणतो.

पण नंतर चेचिन यांनी सांगितलं की त्यांना हजारोंनी जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ते वाचल्यावर मला माझा स्टेडियममधला आवाज आठवला. मी धमकी दिली नव्हती. पण ज्या आरोळीतून त्या धमक्या निघाल्या, तिच्यात माझाही आवाज होता.

शिट्टीवाली_ताई :
दादा, हे लिहिलंत, बरं केलंत. गेल्या हंगामात तेरा वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यानंतर एक वडील माझ्या मागे पार्किंगपर्यंत आले. क्लबचं नाव लिहीत नाही. त्यांच्या मुलाचा ट्राय मी नाकारला होता. ते जे बोलत होते ते शब्दशः टीव्हीवरचे होते, 'सातत्य नाही', 'सामना पंचांनी बिघडवला'. मुलगा बाजूला मान खाली घालून उभा होता. म्हणून मी कॉमेंट्रीबद्दल इतकी हळवी आहे. शुक्रवारी रात्री टीव्हीवर जे म्हटलं जातं, ते शनिवारी सकाळी मला ऐकू येतं.

लीड्सचा_जोशी :
इंग्लंडकडून थोडं. हा खेळ जन्मला तो आमच्या शेजारी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात, १८९५ मध्ये. तोही एका अन्यायाच्या भावनेतूनच : शनिवारी खेळायला जाऊन गिरणी-खाणकामगारांची मजुरी बुडायची, ती भरून द्यायला संघटना तयार नव्हती. उत्तरेचे क्लब बाहेर पडले. 'वरचे लोक आपल्याविरुद्ध आहेत' ही भावना या खेळाच्या हाडात आहे असं मला वाटतं.

आमच्याकडे बरीच वर्षं टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यांनाच व्हिडिओ रेफरी असे. एकाच फेरीत एका मैदानावर ट्राय सहा कॅमेऱ्यांतून तपासला जाई आणि वीस मैलांवरच्या मैदानावर पंचांच्या दोन डोळ्यांवर. तुमच्या बंकरवर लोक चिडतात तेव्हा मला ते आठवतं.

सदाशिव_पेठी_आजोबा :
मुलाकडे मेलबर्नला आलो आहे. रग्बी मला कळत नाही, पण हा वाद चांगलाच कळतो. जानेवारी २००८ ची सिडनी कसोटी. सायमंड्स तिशीत असताना यष्टीमागे झेल, आवाज पुण्यापर्यंत ऐकू आला, बकनरने नाबाद दिला, आणि त्याने नाबाद १६२ केल्या. पुढच्या पर्थ कसोटीतून बकनरला काढलं. आपण सगळे खूश झालो होतो. आज ताईंचं वाचून वाटलं की खूश होण्यासारखं त्यात काही नव्हतं.

कॉमेंट्रीचं म्हणाल तर आम्ही बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन आकाशवाणीवर ऐकत मोठे झालो. चित्र नव्हतंच. त्यांनी बाद म्हटलं की बाद. तुमच्याकडे चित्र असून तुम्ही आवाजावर विश्वास ठेवता, याचं मला नवल वाटतं.

ऑकलंडची_वाट :
आजोबा, यावर एक जुना अभ्यास आहे. अमेरिकेत १९५१ मध्ये डार्टमथ आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांचा फुटबॉलचा फार दांडगाईचा सामना झाला. नंतर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकच फिल्म दाखवून डार्टमथच्या चुका मोजायला सांगितल्या. प्रिन्स्टनच्या पोरांना त्या डार्टमथच्या पोरांपेक्षा दुपटीहून जास्त दिसल्या. फिल्म तीच.

आणि २००२ चा एक, इंग्लंडमधला, सॉकरवरचा. चाळीस रेफरींना एकाच सामन्यातल्या टॅकल दाखवल्या, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. म्हणजे आवाजाने तयारीचा रेफरीसुद्धा हलतो. आपण तर घरी बसलेले चाहते.

बोंडायचा_कोंबडा :
मग करून बघा की. टीव्हीचा आवाज बंद करा. रेडिओवर एबीसी लावलं तरी चालेल, फक्त ते चित्राच्या दोन-चार सेकंद पुढे असतं, ट्राय आधीच कळतो. हिरवा_कॅनबेरा, तुम्ही तो क्षण आवाज बंद करून बघा आणि इथे लिहा. खरं लिहा.

हिरवा_कॅनबेरा :
बघितला. काल रात्री, मुलगा आणि मी, आवाज पूर्ण बंद करून, सहा वेळा.

माझ्या आठवणीत पंचांचा हात बराच वेळ वर होता. तसा नाहीये. इशारा आणि दुरुस्ती यांच्यात फार थोडा वेळ जातो. इतकी वर्षं मी जो लांबलचक क्षण मनात घेऊन फिरत होतो, तो बहुतेक रिप्लेमधला, संथ केलेला, वर कोणीतरी बोलत असलेला होता. कमिन्स आपली चूक ओढत बसले नव्हते. हे मी त्यांच्याबद्दल आजवर जे बोललो त्यातलं चुकीचं होतं, आणि मी ते मागे घेतो.

पण कोंबडेभाऊ, दुसरीही गोष्ट दिसली. हात वर जातो तेव्हा आमचा संघ त्या हाताकडे बघून खेळतोय, आणि हात खाली आल्यावर कोणीही त्यांच्यासाठी खेळ थांबवत नाही. आवाज नसताना ते जास्तच स्पष्ट दिसतं. ताई म्हणतात तशी एक शिट्टी हवी होती. २०२० पासून मैदानावर एकच रेफरी झाला, रकमधल्या (टॅकलनंतर चेंडू परत खेळात आणतानाच्या) चुकांनाही सिक्स अगेन आला, आणि मोजणी नव्याने सुरू झाली की घंटा वाजते. पण इशारा चुकून दिला गेला तर खेळ थांबवायचा की नाही, हे त्या रात्रीइतकंच आजही पंचांच्या एका श्वासावर आहे. माझी मागणी तेवढीच आहे.

मुलाने सहाव्यांदा बघितल्यावर विचारलं, "बाबा, मग किक मारली असती तर आपण जिंकलो असतो?" मी त्याला सांगितलं की माहीत नाही. एरवी मी लगेच हो म्हणालो असतो.

शिट्टीवाली_ताई :
इशारा चुकीचा असेल तर शिट्टी मारून थांबवायचं, आणि त्याच टॅकलपासून पुन्हा सुरू करायचं. आमच्या रेफरींच्या पुढच्या बैठकीत मी हे मांडते. मुलांच्या सामन्यांत तरी करून बघता येईल का, विचारते. काय म्हणतात ते इथे येऊन लिहीन.